बंद म्हणजे खरोखर बंद? फरशी घासण्याच्या यंत्रांतील सदोष खटक्यांचा प्रश्न

मॉल, रुग्णालये, रेल्वे स्थानके, विमानतळ, आयटी कंपन्यांच्या इमारती इथल्या फरश्या आता बहुतांशी यंत्राने घासल्या जातात. हाउसकीपिंगच्या कामात या यंत्राला कुणी ‘सिंगल डिस्क’ म्हणतात, कुणी ‘बफिंग मशीन’, तर कुणी नुसतेच ‘स्क्रबर’. खाली फिरणारी चकती, तिला लावलेला पॅड, वर मोटर आणि कमरेइतक्या उंचीचा दांडा, अशी त्याची साधी रचना असते. दांड्याच्या मुठीशी एक खटका असतो. तो दाबला की चकती फिरते आणि सोडला की थांबावी अशी अपेक्षा असते.

ही अपेक्षा फसते तेव्हा काय होते, त्याची जबाबदारी कुणाची आणि उपाय कोणता, यावर उत्पादक, विद्युत अभियंते, सुरक्षा अधिकारी, कंत्राटदार आणि कामगार संघटना वेगवेगळ्या अंगांनी बोलत असतात. या चर्चेच्या मुळाशी दोन दोषांमधला फरक आहे. खटका चालू होत नसेल तर काम अडते, म्हणून तो दोष लगेच कळतो आणि दुरुस्तही होतो. खटका बंद होत नसेल तर काम अडत नाही. ‘मशीन चालतेय ना?’ एवढ्या आधारावर असे यंत्र आठवडेच्या आठवडे वापरात राहते. हा फरक लक्षात ठेवूनच पुढचा आढावा घ्यायचा आहे.

यंत्राची चाल

नेहमीच्या वापरातले यंत्र साधारण १७ इंची चकतीचे असते. मोटर सुमारे दीड अश्वशक्तीची, वजन चाळीस किलोच्या आसपास आणि चकतीचे फेरे मिनिटाला १५० ते १७५. आकडे किरकोळ वाटतात, पण हिशेब केला तर चकतीच्या कडेचा वेग ताशी १४ किलोमीटरच्या घरात जातो. फरशीला चकाकी आणण्यासाठी वापरली जाणारी वेगवान यंत्रे मिनिटाला १५०० किंवा त्याहून जास्त फेरे घेतात. त्यांच्या २० इंची पॅडच्या कडेचा वेग ताशी १४० किलोमीटरच्या पुढे असतो.

सिंगल डिस्क यंत्र काम करताना चाकांवर चालत नाही. त्याचा सगळा भार चकतीवर असतो आणि चकतीच्या घर्षणावरच ते सरकते. दांडा किंचित उचलला की यंत्र एका बाजूला जाते, खाली दाबला की दुसऱ्या बाजूला. हात बसलेला कामगार बोटभर हालचालीने ते वळवतो. नवख्याच्या हातून दांडा सुटला तर चकतीला मिळणारा विरोध उलटा दांड्यावर येतो आणि दांडा गरगर फिरू लागतो. अशा वेळी चकती तत्काळ थांबणे हाच एक बचाव असतो आणि तो पूर्णपणे मुठीतल्या खटक्यावर अवलंबून असतो.

आपल्याकडे या यंत्राचा एक जुना भाऊबंद आहे. कोटा, मोझॅक किंवा संगमरवराची फरशी बसवल्यावर ती जागेवर घासून पॉलिश करणारे जड यंत्र बांधकामावर दिसते. त्याच्या चकतीला पॅडऐवजी घासायचे दगड असतात, खाली सतत पाणी सोडलेले असते आणि कित्येकदा चालवणारा अनवाणी असतो. अशी बरीच यंत्रे स्थानिक कारखान्यांत जोडलेली असतात आणि त्यांवरचा खटका म्हणजे एखाद्या पेटीत बसवलेले साधे बटण असते. हाउसकीपिंगच्या यंत्राची चर्चा निदान कागदावर तरी होते. बांधकामावरचे यंत्र तिच्या बाहेरच राहते.

खटक्याची वाटचाल

फरशीच्या यंत्रांवर सुरुवातीला साधे वर-खाली करायचे बटण असे. ते चालू केले की पुन्हा बंद करेपर्यंत चालूच. पुढे दाब सोडताच बंद होणारा खटका आला. इंग्रजीतून आलेले ‘डेडमन’ हे त्याचे नाव तंत्रज्ञांच्या तोंडी रुळले आहे. विजेवरच्या रेल्वेत ही कल्पना फार आधीपासून होती. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धावली. लोकलच्या मोटरमनला गाडी चालवताना हँडल दाबून धरावे लागते आणि हात सुटला तर ब्रेक लागतो, हे तिथल्या प्रवाशांनाही माहीत असते.

घरगुती यंत्रांत या तत्त्वाला कायद्याचे बळ कसे मिळाले, याचे चांगले उदाहरण गवत कापण्याच्या यंत्राचे आहे. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचा नियम १९८२ मध्ये लागू झाला. ढकलून चालवायच्या यंत्रात मूठ सोडल्यापासून तीन सेकंदांत पाते थांबलेच पाहिजे, असे तो सांगतो. ‘वीज तुटली पाहिजे’ एवढ्यावर हा नियम समाधान मानत नाही, फिरणारा भाग किती वेळात थांबतो याचे माप मागतो. फरशीच्या यंत्रांच्या चर्चेत या फरकाचा उल्लेख वारंवार येतो.

पुढची सुधारणा दुहेरी क्रियेची. आधी अंगठ्याने सुरक्षा-बटण दाबायचे आणि मगच खटका ओढायचा. त्यामुळे यंत्र उचलताना किंवा ढकलताना चुकून धक्का लागून ते सुरू होत नाही. आता बॅटरीवर चालणारी, मागून चालत नेण्याची किंवा बसून चालवायची यंत्रेही आली आहेत. त्यांत खटक्याचे काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रक करतो.

बिघाडाच्या तऱ्हा

मुठीतला खटका उघडून पाहिला तर आत नखाएवढे दोन धातूचे संपर्क, एक लहान स्प्रिंग आणि प्लास्टिकची तरफ एवढेच दिसते. मोटर सुरू होताना ती चालू अवस्थेतल्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह क्षणभर ओढते. ज्या यंत्रांत मोटरचा सगळा प्रवाह थेट या खटक्यातून जातो, तिथे प्रत्येक वेळी संपर्कांवर ठिणगी पडते. हळूहळू धातू काळवंडतो, त्यावर खड्डे पडतात आणि एखाद्या दिवशी दोन्ही संपर्क वितळून एकमेकांना चिकटतात. बाहेर तरफ व्यवस्थित परत येते आणि हाताला काहीच वेगळे जाणवत नाही, पण आत जोडणी कायम असते. बाहेरून न दिसणारा म्हणून हा सर्वांत फसवा बिघाड.

दुसरी तऱ्हा यांत्रिक. स्प्रिंग ढिली पडते, तरफेची खीळ झिजते, दुहेरी क्रियेचे बटण आत रुतून बसते. तिसरी ओलाव्याची. मेण काढायचे रसायन, साबणाचे पाणी आणि फरशीचा गाळ हातमोज्यांवरून मुठीत उतरतो, वाळतो आणि तरफ चिकट होते. यंत्र धुताना वरून पाइप मारण्याच्या सवयीने यात भर पडते.

चौथी तऱ्हा वायरिंगची. खटका एकाच तारेवर असेल आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये फेज व न्यूट्रलची अदलाबदल झालेली असेल, तर खटका न्यूट्रल तोडतो. यंत्र थांबते, पण मोटरच्या वेटोळ्यात वीज तशीच असते. तीन पिनांची प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवण्यासाठी अर्थिंगची पिन काढून टाकली असेल तर धोका दुणावतो. दोन्ही तारा एकदम तोडणारा खटका यावर उपाय ठरतो, पण तो प्रत्येक यंत्रात असतोच असे नाही.

पाचवी तऱ्हा माणसांची आहे आणि तिच्याकडे रागाने न पाहता समजून घेतले पाहिजे. तासन्‌तास तरफ दाबून धरल्याने बोटे आखडतात, मनगट दुखते, त्यात यंत्राची थरथर असते. मग कुणी तरी तरफेला केबल टाय किंवा चिकटपट्टी बांधतो आणि भिंतीवरच्या बटणानेच यंत्र चालू-बंद करतो. हात सुटल्यावर थांबण्याची सोय तिथेच संपते.

अपघात कसे घडतात

सर्वांत धोक्याचा प्रसंग पॅड बदलण्याचा. यंत्र मागे कलते करून दांडा जमिनीला टेकवतात, चकती समोर येते आणि कामगार दोन्ही हातांनी जुना पॅड ओढून काढतो. प्लग काढलेली नसेल, खटका आतून चिकटलेला असेल आणि तेवढ्यात कुणी भिंतीवरचे बटण दाबले, तर हात फिरत्या चकतीत असतो. दांडा उभा ठेवून प्लग लावल्यावर यंत्र आपोआप सुरू होणे हा दुसरा प्रसंग. उभा दांडा भोवती फिरून पायावर, पोटावर आदळतो. यंत्र भरकटून स्वतःच्याच केबलवर चढणे आणि पॅडमध्ये केबल गुंडाळली जाणे हा तिसरा.

आपल्याकडे वीज जाणे-येणे नेहमीचे असल्यामुळे चौथ्या प्रसंगाला वेगळे महत्त्व आहे. साध्या बटणाचे यंत्र चालू असताना वीज गेली की कामगार ते तसेच सोडून बाजूला होतो. वीज परत आली की यंत्र एकटेच फिरू लागते. कारखान्यातल्या स्टार्टरमध्ये वीज गेल्यावर जोडणी सुटते आणि बटण पुन्हा दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. औद्योगिक यंत्रांच्या आयईसी ६०२०४-१ या मानकातही वीज परतल्यावर यंत्र आपोआप सुरू होऊन धोका उद्भवू नये, अशी अट आहे. फरशीच्या साध्या यंत्रांत ही सोय सरसकट आढळत नाही.

विजेच्या धक्क्याबाबत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. शरीरातून सुमारे दहा मिलिअँपिअरच्या पुढे प्रवाह गेला की स्नायू आखडतात आणि पकड सोडवत नाही. म्हणजे धक्का बसलेल्या कामगाराची मूठ खटक्यावर आणखी घट्ट बसू शकते. हात सुटल्यावर थांबणारा खटका विजेच्या धक्क्यापासून वाचवेल, असे धरून चालता येत नाही. त्यासाठी विजेची गळती होताच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी वेगळी लागते. उलट बाजूही तितकीच खरी. आरसीसीबी गळती ओळखते, चिकटलेला खटका ओळखत नाही. आणि एमसीबी वायरचे रक्षण करते, माणसाचे नाही.

मानके आणि कायदे

व्यावसायिक वापराच्या फरशी-यंत्रांसाठी आयईसी ६०३३५-२-६७ हे वेगळे आंतरराष्ट्रीय मानक आहे. घरगुती यंत्रांसाठी ६०३३५-२-१० आणि उपकरणांतल्या खटक्यांसाठी आयईसी ६१०५८ ही मालिका आहे. अमेरिकेत यूएल ५६१ हे मानक याच यंत्रांचे. तिथल्या कामगार सुरक्षा नियमांत दुरुस्तीआधी ऊर्जा तोडून कुलूपबंद करण्याची तरतूद १९८९ पासून आहे. प्लगच्या यंत्रांना त्यातून सवलत मिळते, पण प्लग काढलेली असेल आणि ती काम करणाऱ्याच्याच ताब्यात असेल तरच. पॅड बदलण्याच्या प्रसंगाला हे तत्त्व नेमके लागू पडते.

भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २४ मध्ये वीज तोडणाऱ्या साधनाबद्दल स्पष्ट तरतूद होती. जे साधन चुकून ‘बंद’वरून ‘चालू’वर जाऊ शकते, ते सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची व्यवस्था हवी, असे ते कलम सांगत असे. पण तो कायदा कारखान्यांपुरता होता. मॉल किंवा कार्यालयाची फरशी घासणारा त्याच्या कक्षेत येत नव्हता. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० मध्ये संमत झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापना तिच्या कक्षेत येतात. यंत्राची रचना करणारा, बनवणारा, आयात करणारा आणि पुरवणारा यांच्यावर ती कर्तव्ये घालते. सुरक्षेच्या साधनांत ढवळाढवळ करू नये, असेही बजावते आणि गंभीर धोक्याची शक्यता वाटल्यास ती मालकाच्या व निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला देते.

याशिवाय २०२५ मध्ये केंद्र सरकारने घरगुती, व्यावसायिक आणि तत्सम विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. त्याचा पाया आयएस ३०२ हे भारतीय मानक आहे. नव्या यंत्रांच्या बाजारावर याचा परिणाम व्हावा, पण आधीपासून वापरात असलेली यंत्रे त्याने बदलत नाहीत.

चार भूमिका

पहिली भूमिका रचनेवर भर देणाऱ्या अभियंत्यांची. माणूस चुकणार आणि सुटा भाग झिजणार, हे गृहीत धरूनच यंत्र बनवले पाहिजे, असे ते म्हणतात. मुठीतल्या खटक्यातून मोटरचा पूर्ण प्रवाह न नेता कमी व्होल्टेजचा संकेत न्यावा आणि मोटरची वीज रिलेने तोडावी. एक संपर्क चिकटला तरी दुसरा तोडेल, अशी दुहेरी व्यवस्था असावी. वीज परतल्यावर यंत्र आपोआप सुरू होऊ नये. यावर उत्पादकांचे म्हणणे असे की रिलेचे संपर्कही चिकटतात, इलेक्ट्रॉनिक भाग ओलाव्यात लवकर बिघडतात आणि प्रत्येक जादा भागाने किंमत वाढते. साधा खटका जागेवर बदलता येतो, इलेक्ट्रॉनिक फलक बदलायला कंपनीचा माणूस लागतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

दुसरी भूमिका देखभालीची. खटका हा पॅडसारखाच झिजणारा भाग मानावा, ठरावीक काळाने तपासावा आणि बिघडण्याआधी बदलावा, असे ती सांगते. पण किती काळाने? ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या एएस/एनझेडएस ३७६० मानकात उपकरणांच्या गटांनुसार तपासणीची मुदत दिलेली आहे आणि तपासलेल्या उपकरणाला चिठ्ठी लावली जाते. ब्रिटनमधल्या १९८९ च्या नियमांत उपकरण सुरक्षित स्थितीत राखण्याचे बंधन आहे, पण मुदत ठरवून दिलेली नाही. ती धोका पाहून ठरवायची. ठरावीक मुदतीची पद्धत सोपी असते, पण तिची औपचारिकता होण्याची भीती राहते. धोका पाहून ठरवण्याची पद्धत अधिक शहाणी आहे, पण त्यासाठी जाणकार माणूस लागतो. छोट्या कंत्राटदाराकडे तो बहुधा नसतो.

तिसरी भूमिका प्रशिक्षणावर भर देणाऱ्यांची. पॅड बदलताना प्लग काढणे, केबल खांद्यावरून मागे घेणे, दांडा कमरेशी आल्यावरच सुरू करणे, तरफ कधीही न बांधणे, एवढ्या सवयी लागल्या तर बहुतेक अपघात टळतील, असे त्यांना वाटते. हाउसकीपिंगमध्ये माणसे सतत बदलत असल्याने प्रशिक्षण टिकत नाही, हा यावरचा आक्षेप. शिवाय तरफ बांधण्यामागे दुखणारा हात असेल, तर शिकवणीने तो दुखायचा थांबत नाही. हलकी तरफ, मोठी मूठ, कामाच्या पाळीत बदल यांचा विचार प्रशिक्षणाबरोबरच व्हायला हवा, असे श्रमशास्त्राचे अभ्यासक सांगतात.

चौथी भूमिका कंत्राट पद्धतीकडे बोट दाखवते. इमारत एकाची, स्वच्छतेचे कंत्राट दुसऱ्याकडे, कामगार तिसऱ्याने पुरवलेले आणि यंत्र कधी कंत्राटदाराचे तर कधी भाड्याचे. अशा साखळीत ‘खटका अडकतोय’ ही तक्रार नेमकी कुणाकडे करायची? निविदेत सर्वांत कमी दर जिंकतो आणि देखभालीचा खर्च दरात वेगळा दाखवलेला नसेल, तर तोच आधी कापला जातो. कंत्राटदारांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. सॉकेट आणि अर्थिंग इमारतीच्या मालकाचे, त्यावर आमचा ताबा नाही. यंत्र चांगले असूनही भिंतीतली वायर चुकीची असेल तर दोष आमच्यावर येतो, असे ते म्हणतात.

न सुटलेले मुद्दे

पहिला मुद्दा नोंदींचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या वार्षिक अहवालात विजेच्या धक्क्याने झालेल्या मृत्यूंचा वेगळा रकाना आहे, पण धक्का कोणत्या यंत्राचा हे त्यातून कळत नाही. बोट चेपणे, मनगट मोडणे, दांडा लागून पडणे अशा दुखापती तर रुग्णालयात ‘पडून इजा’ म्हणूनच नोंदवल्या जातात. अमेरिकेत निवडक रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतून उत्पादनाच्या संकेतांकासह नोंदी गोळा करण्याची पद्धत आहे. आपल्याकडे तशी पद्धत नाही. खटक्याचा दोष, माणसाची चूक आणि वायरिंगचा दोष यांचा वाटा किती, यावरचा वाद त्यामुळे अनुभवावरच चालतो.

दुसरा मुद्दा थांबण्याच्या वेळेचा. फरशीवर टेकलेली कमी वेगाची चकती घर्षणाने लवकर थांबते. तीच उचललेली असेल तर वीज तुटल्यावरही काही वेळ फिरत राहते. वेगवान यंत्रांत हा वेळ आणखी वाढतो. म्हणून यांत्रिक किंवा विद्युत ब्रेक सक्तीचा करावा का? समर्थक गवताच्या यंत्राचा तीन सेकंदांचा दाखला देतात. विरोधक म्हणतात की तिथे पाते उघडे आणि धारदार असते, इथे पॅड असतो. धोका वेगळा, म्हणून नियमही वेगळा हवा.

तिसरा मुद्दा बॅटरीच्या यंत्रांचा. २४ व्होल्टच्या यंत्रात विजेच्या धक्क्याचा धोका जवळजवळ उरत नाही आणि लांब केबलही जाते. पण चकती तीच आणि अडकलेला खटकाही तसाच धोकादायक. तिथे काढायला प्लगही नसते. पॅड बदलताना बॅटरीची जोडणी तोडायची सवय कशी लावायची, हा नवा प्रश्न उभा राहतो.

चौथा मुद्दा जुन्या यंत्रांचा. नवी मानके नव्या यंत्रांना लागू होतात. भंगारात जाण्याऐवजी मोठ्या कंत्राटदाराकडून छोट्याकडे आणि तिथून भाड्याच्या बाजारात जाणारी यंत्रे कुणाच्याच यादीत नसतात. बांधकामावरची पॉलिशची यंत्रे यातच येतात.

सहमती कुठे आहे

वाद असले तरी काही गोष्टींवर सर्व बाजूंचे एकमत दिसते आणि त्यांना फार खर्चही नाही. पाळी सुरू करताना यंत्र चालू होते का हे पाहतातच. त्याच वेळी ते थांबते का हेही पाहावे. प्लग काढलेली असताना तरफ दाबून सोडावी, ती पूर्ण परत येते का पाहावे. मग दोन्ही हात दांड्यावर ठेवून, तरफ न दाबता दुसऱ्याकरवी वीज सुरू करून घ्यावी. यंत्राने हलता कामा नये. शेवटी फरशीवर क्षणभर चालवून सोडावे आणि चकती लगेच थांबते याची खात्री करावी. एका मिनिटाचे हे काम आहे. यातल्या एकाही पायरीवर शंका आली तर यंत्र बाजूला ठेवून त्यावर चिठ्ठी लावावी. सोबत आरसीसीबीचे चाचणी-बटण नियमाने दाबावे, सॉकेटचे अर्थिंग आणि ध्रुवता तपासावी आणि बांधलेली तरफ दिसली तर शिक्षा करण्याआधी हात का दुखतो ते विचारावे.

माझ्या मते या आढाव्यातून निघणारा मुख्य निष्कर्ष यंत्राच्या व्याख्येबद्दलचा आहे. जे यंत्र चालते पण खात्रीने थांबत नाही, ते नादुरुस्त यंत्र आहे. ही व्याख्या निविदेत, देखभालीच्या वहीत आणि पर्यवेक्षकाच्या बोलण्यात आली, तर रचना, देखभाल, प्रशिक्षण आणि कंत्राट या चारही बाजूंना एकाच मापाने तोलता येईल. नव्या संहितेने कामगाराला धोका नजरेस आणण्याचा हक्क दिला आहे. पण ‘हे मशीन आज मी चालवणार नाही’ असे सांगितल्यावर त्याची त्या दिवसाची मजुरी शाबूत राहील का, याचे उत्तर कंत्राटात लिहिलेले असायला हवे. ते लिहिले जात नाही तोवर खटक्याची अंतिम तपासणी सर्वांत कमी अधिकार असलेल्या माणसाच्या हातावरच होत राहील.